वानगी आणि रास

शितावरून भाताची परीक्षा, असे आपण म्हणतो आणि स्वयंपाकघरात ते खरेही असते. पण ते खरे का असते, याचा विचार आपण क्वचितच करतो. एक शीत दाबून पाहिले की सारा भात शिजला की नाही हे कळते. याचे कारण त्या भांड्यातले प्रत्येक शीत एकाच पाण्यात, एकाच झाकणाखाली, एकाच विस्तवावर शिजलेले असते. ही अट काढून घेतली की म्हण उरते, परीक्षा उरत नाही. कोणाचा भात गॅसवर, कोणाचा ओल्या लाकडांच्या चुलीवर, तर कोणाचे आधणसुद्धा अजून आलेले नाही. अशा वेगवेगळ्या भांड्यांतले एकेक शीत उचलून कोणी तांदळाच्या जातीविषयी निकाल देऊ लागला, तर घरातली म्हातारी माणसे त्याला हसतील. दरवर्षी उन्हाळ्यात देशभर काहीसे असेच चालते, आणि तेव्हा मात्र कोणाला हसू येत नाही.

मोठ्या महाविद्यालयांनी निवड कशी करावी, हा मोठ्यांचा प्रश्न आहे. माझ्यासारख्या लहान शाळेच्या मुख्याध्यापकाचा प्रश्न त्याहून लहान, पण रोजचा आहे. ज्या शाळेतून आजवर त्या दारापर्यंत फारसे कोणी गेलेले नाही, त्या शाळेने आपली मुले तेथे पाठवावीत काय? पाठवावीत तर कोणती? आणि त्यांच्यासाठी जे द्यायचे, ते कोणाच्या वाट्यातून काढून द्यायचे? वरवर पाहता हे वेळापत्रकाचे आणि अर्जांचे प्रश्न वाटतात. वस्तुतः ते नीतीचे प्रश्न आहेत.

करोंद हे नाव सीमाभागातील वाचकांच्या परिचयाचे असण्याचे कारण नाही. भोपाळच्या उत्तर अंगाला, बैरसियाकडे जाणाऱ्या रस्त्यावर ही वस्ती आहे. येथे कृषि उपज मंडी आहे. हंगामात गव्हाच्या ट्रॉल्यांची रांग रस्त्यावर येते. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री ज्या वस्त्यांवरून विषारी वायू पसरत गेला, त्या येथून दूर नाहीत. त्या वायुपीडितांसाठी, युनियन कार्बाइडचे भारतीय कंपनीतले भाग विकून आलेल्या पैशातून उभे राहिलेले भोपाळ मेमोरियल रुग्णालय करोंदमध्येच आहे. आमच्या शाळेतल्या कितीतरी मुलांनी डॉक्टर हा माणूस प्रथम पाहिला तो आजीचा हात धरून त्या रुग्णालयाच्या रांगेत उभे असताना. ‘मला डॉक्टर व्हायचे आहे’ असे एखादी मुलगी म्हणते, तेव्हा ते दूरदर्शनच्या मालिकेतून आलेले नसते.

भोपाळच्या मेट्रोची एक मार्गिका करोंद ते एम्स अशी आखलेली आहे. नकाशावर ही दोन नावे एकाच रेषेची दोन टोके आहेत. रेषा आखणाऱ्यांच्या मनात तसे काही नसेल, पण आमच्या मुलांच्या दृष्टीने ते अंतर किलोमीटरमध्ये मोजण्याचे नाही. भोपाळमध्ये १९६० साली स्थापन झालेली, आज मॅनिट म्हणून ओळखली जाणारी संस्था आहे, १९९७ चे राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे, २००८ ची आयसर आहे, २०१२ पासून एम्स आहे. देशभरातून मुले येथे येण्यासाठी झटतात. आणि याच शहराच्या एका कडेला अशी मुले आहेत, की ज्यांनी या इमारती बसच्या खिडकीतून पाहिल्या आहेत.

मंडीत माल विकायला आला की व्यापारी ढिगात हात घालतो, मूठभर दाणे तळहातावर घेतो, फुंकर मारतो, एखादा दाणा दाताखाली धरतो आणि भाव बोलतो. या मूठभर दाण्यांना आपल्याकडे वानगी म्हणतात आणि शेतकऱ्याने वर्षभर राबून उभी केलेली ती रास. वानगीवाचून व्यापार चालणार नाही. प्रत्येक दाणा तपासत बसायला कोणाला वेळ आहे? तीन तासांची प्रवेशपरीक्षा ही अशीच वानगी आहे. सतरा-अठरा वर्षांच्या आयुष्यातून मूठभर काढायचे आणि भाव ठरवायचा. त्याला माझी हरकत नाही. हरकत एवढीच, की मंडीतला जुना व्यापारी वरच्या थरातली वानगी घेत नाही. तो कोपरापर्यंत हात आत घालतो, कारण वरचे दाणे निवडून ठेवलेले असू शकतात हे त्याला ठाऊक असते. परीक्षेचा हात तेवढा खोल जात नाही. शिकवणीच्या वर्गांत दोन दोन वर्षे पाखडून वर ठेवलेले दाणे तिच्या मुठीत आधी येतात.

आता दाराची रुंदी पाहू. २०२४ च्या नीट परीक्षेला २३ लाखांहून अधिक मुले बसली. एमबीबीएसच्या जागा सरकारी आणि खाजगी मिळून १ लाखाच्या थोड्या वर, आणि सामान्य घराला परवडतील अशा सरकारी जागा त्यांतल्या निम्म्याच्या आसपास. त्याच वर्षी देशातील सर्व आयआयटींच्या मिळून जागा होत्या १७,७४०. हे आकडे मी आमच्या अकरावीच्या वर्गात पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहितो. काही सहकाऱ्यांना हे निर्दयपणाचे वाटते. मला आकडे लपवणे अधिक निर्दय वाटते.

परंतु लहान शाळेचे मूल बहुधा या आकड्यांपाशी पडत नाही. ते त्याच्या किती तरी आधी पडते. अर्जाची तारीख कळत नाही. इतर मागासवर्गाचा राज्याच्या नमुन्यातला दाखला घरात असतो, पण केंद्रीय संस्थांना केंद्राच्या नमुन्यातला आणि चालू वर्षाचा लागतो, हे कोणी सांगितलेले नसते. आधार कार्डावर एक नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरे. मूळ निवासाचा दाखला काढायला बापाची दोन दिवसांची हमाली बुडते. २०२४ साली नीटच्या अर्जाचे शुल्क खुल्या वर्गाला १,७०० रुपये होते. ज्या घरात रोजच्या मजुरीवर चूल पेटते, तेथे १,७०० रुपये ‘पाहू या लागते का’ म्हणून टाकण्याची रक्कम नसते.

या सगळ्यातून पार पडलेले मूल शेवटी महाविद्यालयांचा पसंतीक्रम भरायला बसते, आणि तेथे त्याला नम्रता नडते. ‘मला एवढे मोठे कोठून मिळणार’ असे म्हणून ते सर्वांत हवेसे महाविद्यालय खाली आणि मिळण्यासारखे वर लिहिते. संगणकाला नम्रता कळत नाही. तो यादी वरून वाचत येतो आणि मिळण्यासारखे पहिले जे सापडेल ते देऊन मोकळा होतो. जे मूल आपल्या इच्छेच्या क्रमाने यादी भरते त्याचे काही जात नाही. जे मूल स्वतःविषयीच्या शंकेच्या क्रमाने भरते, त्याची हातात आलेली जागाही जाते. शहरातल्या मोठ्या शाळांत ही गोष्ट मुलांना कोणीतरी सहज बोलता बोलता सांगते. आमच्याकडे सांगणारे घरात कोणी नसते. तेव्हा लहान शाळेत उणीव बुद्धीची आहे असे मला वाटत नाही. उणीव आहे ती ओट्यावरच्या गप्पांत फुकट मिळणाऱ्या माहितीची.

सीमाभागातील मराठी घरांना याखेरीज आणखी एक उंबरठा आहे. सौंसर, पांढुर्णा, मुलताई येथल्या घराला नागपूर हाकेच्या अंतरावर. मामा तेथे, मोठा दवाखाना तेथे, लग्नाचा बस्ता तेथे. पण १ नोव्हेंबर १९५६ रोजी जी रेषा आखली गेली, ती प्रवेशाच्या वेळी पुन्हा जिवंत होते. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत १५ टक्के जागा अखिल भारतीय कोट्याच्या आणि ८५ टक्के राज्याच्या. आणि महाराष्ट्राच्या ८५ टक्क्यांसाठी साधारणपणे तेथला अधिवास व तेथली दहावी-बारावी लागते. कर्नाटकाशी वाद असलेल्या ८६५ गावांतल्या मुलांसाठी महाराष्ट्राने काही जागा राखल्या आहेत. आपली गावे वादात नाहीत, म्हणून यादीतही नाहीत. २०१७ पासून नीट मराठीतूनही देता येते, पण मराठी प्रश्नपत्रिकेसाठी केंद्र महाराष्ट्रातले घ्यावे लागते. येथल्या केंद्रांवर मराठी मिळत नाही. घरी मराठी, शाळेत हिंदी, पुढे इंग्रजी, असे तीन उंबरठे ओलांडणाऱ्या मुलाच्या गुणपत्रिकेत त्या ओलांडण्याचे गुण धरलेले नसतात. १६ ऑक्टोबर २०२२ रोजी भोपाळमध्ये एमबीबीएसच्या हिंदी पुस्तकांचे प्रकाशन झाले, तेव्हा आमच्या शिक्षकांच्या खोलीत त्यावर दोन तट पडले. मला एवढेच वाटले, की भाषेचा अडसर खरा आहे हे कोणीतरी मोठ्याने मान्य केले.

असो. आता मूळ प्रश्नाकडे येतो.

पहिला प्रश्न आशेचा. मंडीत हमाली करणारा एखादा बाप शाळेत येतो, टोपी हातात घेऊन उभा राहतो आणि विचारतो, “मास्साब, इसका कुछ होगा?” या प्रश्नाची दोन सोपी उत्तरे आहेत. ‘मेहनत केली तर नक्की होईल’ हे पहिले. ते ऐकायला गोड आहे आणि खोटे आहे, कारण त्या २३ लाखांतल्या बहुतेकांनी मेहनतच केलेली असते. ‘हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे’ हे दुसरे. ते शहाणपणाचे वाटते. पण माझ्या मते ते पहिल्यापेक्षाही वाईट, कारण त्यात शिक्षक परीक्षेच्या आधीच परीक्षक होऊन बसतो. महाविद्यालयाला निवड करण्याचा अधिकार आहे, कारण त्याच्या जागा मोजक्या आहेत. शाळेला तो अधिकार कोणी दिला? तिने मुलाला दारापर्यंत न्यावे, आत घेणे न घेणे दारावाल्याचे काम. ज्या मुलाला शाळेनेच अर्ज भरू दिला नाही, त्याला कोणत्याही महाविद्यालयाने नाकारलेले नसते. त्याला आपण नाकारलेले असते.

मग बापाला सांगायचे काय? मी शक्यता सांगतो, भविष्य सांगत नाही. किती मुले बसतात, किती घेतात, मुलगी आज कोठे आहे आणि तेथवर जायला काय लागेल, हे जसे आहे तसे. आणि एक नियम पाळतो. एका मोठ्या अर्जाबरोबर दुसरा अर्ज भरलाच पाहिजे. सीहोरचे कृषी महाविद्यालय असेल, येथले मोतीलाल विज्ञान महाविद्यालय असेल, परिचर्येचा अभ्यासक्रम असेल, तंत्रनिकेतन असेल. हा दुसरा अर्ज म्हणजे पराभवाची आगाऊ नोंद नव्हे. एकाच दारावर सारे आयुष्य टांगू नये, एवढे व्यावहारिक शहाणपण त्यात आहे. कोटा शहरातून मुलांच्या आत्महत्यांच्या ज्या बातम्या गेली काही वर्षे येत राहिल्या, त्या वाचल्यानंतर हा नियम मला अधिक कडकपणे पाळावासा वाटतो.

दुसरा प्रश्न वाट्याचा, आणि तो अधिक अवघड आहे. समजा, शाळेत भौतिकशास्त्राचा एकच शिक्षक आहे आणि त्याचा आठवड्यात एकच तास मोकळा आहे. तो तास प्रवेशपरीक्षेची तयारी करणाऱ्या चौघांना द्यावा, की दहावीच्या गणितात नापास होण्याच्या वाटेवर असलेल्या चाळिसांना? चौघांपैकी एक जरी एम्समध्ये गेली तरी वर्तमानपत्रात शाळेचे नाव येईल, पुढल्या वर्षी प्रवेश वाढतील, वस्तीतल्या मुलींच्या बापांना धीर येईल. चाळिसांपैकी तीस उत्तीर्ण झाले तर कोणालाही बातमी वाटणार नाही.

या प्रश्नावर आपल्याकडे फार पूर्वी विचार झालेला आहे. १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुले यांनी सरकारला हेच विचारले होते, की रयतेच्या कष्टातून आलेला पैसा वरच्या थोड्यांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, मग रयतेच्या मुलांच्या प्राथमिक शिक्षणाचे काय? वरच्यांना शिकवले की विद्या आपोआप खाली झिरपेल, या तत्त्वावर त्यांचा विश्वास नव्हता. त्याच निवेदनात त्यांनी शिष्यवृत्त्यांविषयी एक मार्मिक गोष्ट मांडली. स्पर्धेने शिष्यवृत्ती देणे तत्त्वतः न्याय्य दिसत असले, तरी ज्या वर्गांत शिक्षण पोचलेलेच नाही तेथे ते त्या मार्गाने पोचत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. सर्वांना एकच परीक्षा म्हणजे सर्वांना एकच संधी नव्हे, हे आज आपण नवे म्हणून बोलतो. ते शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आयोगाच्या टेबलावर ठेवले गेले होते.

फुल्यांचे ऐकायचे तर तो तास चाळिसांचा. पण मग दुसरे एक उदाहरण डोळ्यांपुढे येते. आमच्याच राज्यातल्या महू येथे १८९१ साली जन्मलेला एक मुलगा १९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाला. त्याला ७५० पैकी २८२ गुण होते. ही त्याची वानगी. आजच्या कोणत्याही प्रवेशयादीच्या वाऱ्यालाही ती उभी राहिली नसती. पण शिक्षक आणि लेखक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत संध्याकाळी वाचत बसलेला पाहिला होता. मुलगा त्यांच्या शाळेचा नव्हता. त्यांनी त्याच्याशी बोलणे काढले, त्याला पुस्तके दिली, मॅट्रिक झाल्यावर स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले, आणि पुढे शिक्षण थांबण्याची वेळ आली तेव्हा त्याच्यासाठी बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ साली भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले. परीक्षकाच्या हातात वानगी होती. केळुसकरांनी रास पाहिली होती.

मग एकावर लक्ष देणारे केळुसकर खरे की सर्वांचा हिशेब मागणारे फुले खरे? पुष्कळ दिवस हा प्रश्न मला घोळवत होता. माझ्यापुरते उत्तर असे आहे. केळुसकरांनी जे दिले, ते दुसऱ्या कोणाच्या वाट्याचे नव्हते. स्वतःची संध्याकाळ, स्वतःची पुस्तके, स्वतःची ओळख आणि स्वतःचा शब्द त्यांनी दिला. वेळापत्रकातला तास मात्र माझा नाही. तो सगळ्या शाळेचा आहे आणि त्यावर पहिला हक्क ज्याला त्याची सर्वांत अधिक गरज आहे त्याचा आहे. म्हणून तो तास चाळिसांना. चौघांसाठी शाळा सुटल्यावरची माझी आणि राहू शकतील त्या सहकाऱ्यांची संध्याकाळ, शाळेचा संगणक, २०२३ साली आयआयटी कानपूरच्या मदतीने केंद्राने सुरू केलेल्या ‘साथी’ या मोफत अभ्याससेवेचा पत्ता, आणि पडतील तेवढे शब्द. सार्वजनिक वाट्यातून घेऊन एकाला द्यायचे नाही आणि स्वतःच्या वाट्यातून देताना हात आखडायचा नाही.

यात एक दोष उरतो आणि तो झाकण्यात अर्थ नाही. ज्या मुलाला केळुसकर भेटले त्याचे झाले. ज्याला भेटले नाहीत त्याचे काय? न्याय हा एखाद्या भल्या माणसाच्या संध्याकाळच्या फेरफटक्यावर अवलंबून असू नये. म्हणून तमिळनाडूने २०२० साली सरकारी शाळांतल्या मुलांसाठी वैद्यकीय जागांत ७.५ टक्के आरक्षण आणले आणि मध्य प्रदेशाने २०२३ पासून ५ टक्के, ही मला परीक्षेत केलेली ढवळाढवळ वाटत नाही. वानगी घेणाऱ्याने हात थोडा खोल घातला, एवढेच.

शब्द टाकण्याविषयीही एक शब्द. आपल्याकडच्या मोठ्या परीक्षांत शिक्षकाच्या शिफारशीला स्थान नाही. पण परदेशी विद्यापीठे आणि येथली काही खाजगी विद्यापीठे शाळेचे पत्र मागतात. भोपाळजवळ २०२३ साली अझीम प्रेमजी विद्यापीठाचे संकुल सुरू झाले. तेथे लेखी परीक्षेबरोबर मुलाखतही होते. अशा ठिकाणी लहान शाळेच्या मुख्याध्यापकाला मोह होतो. मोठ्या शाळांची पत्रे विशेषणांनी ओथंबलेली असणार, मग आपणच काटा सरळ का धरावा? माझे मत असे, की काटा सरळच धरावा, पण मापात काय घालायचे ते विचार करून घालावे. ‘अत्यंत हुशार व मेहनती’ हे कोणालाही लिहिता येते. ‘ही मुलगी पहाटे पाण्याच्या टँकरसमोर रांगेत उभी राहून मग शाळेत येते आणि धाकट्या भावाचे गणित घेते’ हे खरे असेल तर तेवढेच लिहावे. त्यात विशेषण एकही नाही आणि रास दिसते.

तिसरा प्रश्न निवड झाल्यानंतरचा. ज्याची निवड झाली त्याने ती सर्वस्वी आपली कमाई समजावी काय? जॉन रॉल्स या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७१ च्या आपल्या ग्रंथात म्हटले, की जन्मजात बुद्धी आणि जन्माचे घर या दोन्ही गोष्टी कोणी कमावलेल्या नसतात. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०२२ मधल्या निकालात स्पर्धापरीक्षेचे गुण म्हणजेच गुणवत्ता, हे समीकरण मानले नाही. मला हे पटते, पण एका मर्यादेपर्यंत. ट्यूबलाइट बंद पडली म्हणून रस्त्यावरच्या दिव्याखाली वाचणाऱ्या मुलाला ‘तुझे यश तुझे नाही’ असे सांगणे हाही अन्यायच आहे. चालण्याचे श्रेय चालणाऱ्याचे. रस्ता मात्र त्याने बांधलेला नसतो.

आणि त्या रस्त्यावर दैवाचे वळण असते, हेही विसरू नये. २०२४ च्या नीटमध्ये आधी ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण होते. वाढीव गुण रद्द झाले, भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाचे उत्तर बदलले, तेव्हा शेवटी असे १७ जण उरले. जी मुले खाली आली त्यांची बुद्धी त्या दोन महिन्यांत कमी झाली नव्हती. आमच्या राज्याने तर त्याआधी व्यापमचे प्रकरण पाहिले. २०१३ साली ते उघडकीस आले आणि २०१७ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ६३४ विद्यार्थ्यांचे वैद्यकीय प्रवेश रद्द ठरवले. वानगीच भेसळीची निघाल्यावर त्या वर्षांत नाकारल्या गेलेल्या प्रामाणिक मुलांना ‘तुम्ही कमी पडलात’ असे कोणी कोणत्या तोंडाने म्हणायचे?

हार्वर्डचे प्राध्यापक मायकेल सँडेल यांनी २०२० साली सुचवले, की पात्र मुलांची यादी करावी आणि त्यांतून चिठ्ठ्या टाकून प्रवेश द्यावा. हे ऐकून आमच्या शिक्षकांच्या खोलीत हशा पिकला. पण आमच्या वस्तीला चिठ्ठ्या नव्या नाहीत. शिक्षणहक्क कायद्याखाली खाजगी शाळांतल्या राखीव जागा सोडतीनेच मिळतात. त्यात एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. सोडतीत नाव आले नाही म्हणून कोणी बाप पोराला नालायक म्हणत नाही. शेजारीणही काही बोलत नाही. परीक्षेत नाव आले नाही की मात्र जागेबरोबर मुलाचा मानही जातो. मी सोडतीची मागणी करत नाही. परीक्षेच्या पोटात थोडी सोडत दडलेली असते एवढे लक्षात ठेवले, तरी निवडल्या गेलेल्याचा ताठा उतरेल आणि राहून गेलेल्याची मान वर होईल.

येथे कोणी म्हणेल, की मग निवडल्या गेलेल्या मुलीने परत करोंदला येऊन दवाखाना घालावा. बडोद्यानेही आंबेडकरांकडून दहा वर्षांच्या नोकरीचा करार लिहून घेतला होता. ज्याने पैसा दिला त्याने करार करावा, ते समजते. पण समाज म्हणून आपण ही अपेक्षा गरिबाच्याच मुलीकडून का करतो? अरेरा कॉलनीतल्या डॉक्टरच्या मुलाला ‘तू वस्तीचे ऋण कधी फेडणार’ असे कोणी विचारत नाही. गरिबाला यशही उसने मिळावे आणि श्रीमंताला मालकीचे, हे काही बरोबर नव्हे. करोंदच्या मुलीने हवे तेथे राहावे, हवे ते करावे. मी तिच्याकडे एकच मागतो. आपल्या भरलेल्या अर्जांच्या प्रती, पसंतीक्रमाची यादी आणि कोणत्या कचेरीत कोणता दाखला किती दिवसांत मिळाला त्याची वही तिने शाळेत ठेवून जावी, आणि पुढच्या वर्षीच्या मुलीचा फोन उचलावा. एवढे ऋण कोणालाही फेडता येते.

राहता राहिले चाळीस. वानगीवर भाव ठरतो, पण पोट राशीवर भरते. करोंदच्या मंडीतले हिशेब, रुग्णालयातली परिचारिका, अंगणवाडी, बसचे स्टिअरिंग, विजेचे खांब, हे सगळे त्या चाळिसांच्या हातात आहे आणि उद्याही राहील. त्यांतला एखादा गणितात ३३ ऐवजी ५० गुणांवर येतो, हिशेबात फसवला जाणार नाही एवढा तयार होतो, तेव्हाही शाळेने काही केलेलेच असते. त्याचा फलक चौकात लागत नाही.

‘यंदा तुमच्या शाळेतून किती निवडले गेले?’ असे मला विचारतात आणि विचारावेही. पण त्याआधी दुसरा एक प्रश्न विचारला जावा असे मला वाटते. तो कोणत्याही शाळेला विचारता येईल, करोंदच्या आणि सौंसरच्याही. यंदा किती मुले पात्र असून अर्ज न भरता राहिली? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळांच्या हातात असते. दुसऱ्याचे आमच्याच हातात आहे, आणि ते शून्य आल्याखेरीज निवड करणाऱ्यांविरुद्ध बोलण्याचा आमचा अधिकार अर्धाच राहतो.